वजन बेताचे, पोट मात्र हट्टी

हिंगणघाटचे एक निवृत्त गुरुजी गेली अकरा वर्षे माझ्याकडे येतात. वय ७२, उंची १६३ सेंटिमीटर, वजन ५८ किलो. शाळेत रुजू झालो तेव्हाही वजन एवढेच होते, हे ते मोठ्या अभिमानाने सांगत. मधुमेहासाठी सकाळ-संध्याकाळ गोळी सुरू आहे. अंगाने काटक, हातपाय सडपातळ, मात्र सदऱ्याखाली पोट चांगलेच पुढे आलेले. गेल्या श्रावणात त्यांनी मला सरळ विचारले, "डॉक्टरसाहेब, वजन तर तितकंच हाय, मंग हे पोट कायले वाढून राह्यलं?"

बाहेर रुग्णांची रांग होती. रक्तदाबाचा पट्टा सोडता सोडता मी म्हणालो, "थोडे खाणे कमी करा, पोट उतरेल."

गुरुजी शिस्तीचे. त्यांनी रात्रीचे जेवणच बंद केले. घरच्यांनी आग्रह केला की ते सेवाग्रामच्या बापूंच्या उपवासांचा दाखला देत आणि पाणी पिऊन झोपत. गोळ्या मात्र नेमाने दोन्ही वेळा चालूच होत्या. मार्गशीर्षातल्या एका पहाटे सुनेला ते न्हाणीघराच्या दाराशी बसलेले आढळले. अंग घामाने चिंब, बोलणे असंबद्ध. रक्तातील साखर घसरली होती. ते गिळू शकत होते, म्हणून त्या शहाण्या मुलीने आधी साखरपाणी पाजले आणि मग गाडी बोलावली. हाड मोडले नाही, हे नशीब. दुसऱ्या दिवशी मी त्यांना तपासले तेव्हा वजन ५३ किलो भरले. कमरेचा घेर चार महिन्यांपूर्वी ९७ सेंटिमीटर होता, तो ९५ झाला होता. पाच किलो गेले आणि पोटावरून उतरले ते दोन सेंटिमीटर. मग बाकीचे कुठून गेले? मांड्यांकडे पाहिल्यावर उत्तर मिळाले. खुर्चीवरून उठताना त्यांना दोन्ही हातांचा टेकू घ्यावा लागत होता.

घाईत उच्चारलेल्या माझ्या एका वाक्याची ही किंमत. म्हणून या अंकात त्याच प्रश्नाला सावकाश उत्तर देतो.

वजनकाटा फक्त बेरीज सांगतो. हाडे, स्नायू, पाणी आणि चरबी यांचा वाटा किती, हे त्याला कळत नाही. वयाच्या चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात आणि साठीनंतर ही झीज वेग धरते. त्याच काळात चरबीचा मुक्काम बदलतो. हातापायांच्या त्वचेखालची चरबी कमी होते आणि पोटात, आतड्यांभोवती व यकृतात ती साठू लागते. स्त्रियांमध्ये मासिक पाळी थांबल्यावर हा बदल अधिक ठळक होतो. दोन किलो स्नायू गेले आणि दोन किलो चरबी आली, तर काटा तिथल्या तिथे राहतो. गुरुजींचे '५८ किलो' तरुणपणीचे आणि म्हातारपणीचे सारखे होते, पण त्या दोन्हींतला माणूस वेगळा होता.

आपण भारतीय या बाबतीत जन्मतःच थोडे मागे असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे सगळ्याच मापांत लहान होती. मात्र पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून काढला जाणारा बीएमआय दोघांचाही अगदी एकच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला दोघेही सडपातळ. आपल्याकडे किरकोळ अंगाच्या माणसालाही मधुमेह का गाठतो, हे समजावताना मला याहून सोपे चित्र सापडलेले नाही. गुरुजींचा बीएमआय २१.८. पुस्तकात तो 'उत्तम' या रकान्यात बसतो.

तेव्हा काट्याऐवजी शिंप्याची फीत हाती घ्या. सदरा वर करून, सरळ उभे राहून, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध फीत धरावी. श्वास सहज सोडल्यावर माप घ्यावे, पोट आत ओढू नये. (पुरुषमंडळी हटकून ओढतात.) भारतीयांसाठी स्त्रियांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर धोक्याचा मानतात.

पण थांबा. पुढे आलेले प्रत्येक पोट चरबीचे नसते, आणि हे काळजीवाहकांनी विशेष लक्षात ठेवावे. ठिसूळ झालेले मणके खचले की उंची घटते, पाठीला बाक येतो, आणि धडातली जागा कमी झाल्यामुळे पोट पुढे ढकलले जाते. अशा आजीला 'पोट कमी कर' म्हणून उपाशी ठेवणे म्हणजे तिची हाडे आणखी दुबळी करणे. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरहून अधिक कमी झाली असेल, तर मणक्यांची तपासणी करून घ्यावी. पोट काही आठवड्यांतच फुगले, ताठ लागले, पायांवर सूज आली, दोन घासांत पोट भरू लागले, किंवा पोट वाढताना चेहरा आणि दंड वाळत चालले, तर पोटात पाणी वा गाठ नाही ना, हे विनाविलंब पाहावे लागते. आणखी एक कारण आपल्या भागात वरचेवर भेटते. गुडघेदुखीवर कोणी तरी दिलेल्या, नाव नसलेल्या पुड्या. त्यांत कित्येकदा स्टिरॉइड मिसळलेले असते. चेहरा गोल, पोट मोठे, हातपाय काडीसारखे, असे रूप दिसले की मी पुड्यांविषयी विचारतो. त्या एकाएकी बंद मात्र करू नका, तेही घातक ठरते. पुडी घेऊन डॉक्टरांकडे या.

गुरुजींच्या बाबतीत यांपैकी काही नव्हते. पोट खरोखरच चरबीचे होते. मग करायचे काय?

आधी बापूंचा दाखला निकाली काढू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियतकालिकाने २०१९ मध्ये, त्यांच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त, गांधीजींच्या आरोग्याच्या जुन्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यात १९३९ मधले वजन ४६.७ किलो आणि बीएमआय १७.१ असा आहे. आजच्या मोजमापाने ही कमी वजनाची अवस्था ठरते. उपवासांची चर्चा आपण पुष्कळ करतो, त्यांच्या रोजच्या लांब चालण्याची फारशी करत नाही. आणि बापू मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपवास करत नव्हते, हे मी गुरुजींना जरा स्पष्टच सांगितले. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन जेवणाची वाट पाहत नाहीत. ती साखर उतरवतातच. जेवणाच्या वेळा वा प्रमाण बदलण्याआधी औषधाची मात्रा विचारून घेतलीच पाहिजे.

गुरुजींचा आहार लिहून काढला तेव्हा त्यात प्रथिने फार थोडी सापडली. सकाळी साखरेचा चहा आणि दोन गोरसपाक. (वर्धेकराला गोरसपाक सोडा म्हणणे धाडसाचे आहे, पण साजूक तूप आणि साखर यांचाच तो पदार्थ.) नऊ वाजता पोहे, दुपारी भात आणि पातळ वरण, चार वाजता पुन्हा चहा. वाढत्या वयात शरीराच्या दर किलोमागे दररोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने मिळाली तर स्नायू टिकायला मदत होते. गुरुजींच्या हिशेबाने हे साधारण ६० ते ७० ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे प्रमाण स्वतःच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आपल्या शिवारात सोयाबीन पिकते, घरात मात्र त्याचे तेलच तेवढे येते. त्यांच्या सुनेने भाजलेल्या सोयाबीनचे पीठ ज्वारीच्या पिठात मिसळायला सुरुवात केली. सोयाबीन कच्चे दळू नये, भाजून किंवा उकडूनच वापरावे. वरण घट्ट झाले. पोह्यांवर तर्रीतले हरभरे अधिक आणि तेल कमी, असा तह झाला. दुपारी ताक, रात्री भाकरी, झुणका आणि वाटीभर दही. अंडे खाणाऱ्यांसाठी प्रश्न आणखी सोपा आहे, एका अंड्यात सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात. भात अर्धा झाला, चहातली साखर गेली, गोरसपाक रविवारपुरता उरला. म्हणजे खाणे कमी नाही, निराळे झाले.

व्यायामाविषयी एक गैरसमज जुना आहे. पोटाचे व्यायाम केले की पोटाची चरबी जळते, असे नाही. शरीर चरबी कुठून काढायची ते स्वतः ठरवते. कमरेला पट्टा बांधून घाम काढला तर जाते ते पाणी. काम करतात ते मांड्या आणि नितंबांचे मोठे स्नायू, कारण जेवणानंतरची साखर शोषून घेणारे तेच. म्हणून दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटे घरातल्या घरातही चालावे. वैशाखात पारा ४५ च्या घरात असताना दुपारी बाहेर पडण्याचे कारण नाही.

चालण्याने स्नायू पुरेसे वाढत नाहीत, त्यांना थोडा भार लागतो. भिंतीला टेकलेल्या भक्कम खुर्चीवरून हात न लावता उठणे आणि हळूहळू बसणे, आठ-दहा वेळा. ओट्याला धरून टाचा उचलणे. भिंतीला तळवे लावून शरीर पुढे नेणे आणि परत लोटणे. पाण्याने भरलेली लिटरची बाटली खांद्यापर्यंत उचलणे. श्वास रोखू नये. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. ज्यांचा तोल जातो त्यांच्याजवळ कोणी तरी उभे राहावे. हृदयविकार, हर्निया किंवा खचलेले मणके असतील तर आधी विचारावे. 'या वयात कसले स्नायू' असे म्हणणाऱ्यांना मी बोस्टनचा प्रयोग सांगतो. १९९० मध्ये तेथील वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. एकाने मध्येच सोडले. उरलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरीने दुपटीहून अधिक वाढली.

प्रगती पाहायला काटा नको, घड्याळ हवे. हाताच्या घडीने खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागत असतील तर स्नायू दुबळे समजावेत. माघ महिन्यात गुरुजींना २१ सेकंद लागले होते, आणि तेही चौथ्या वेळी हात टेकून.

सुनेशी मी वेगळे बोललो. घरात नातवंडे आजोबांच्या पोटावरून थट्टा करत, आणि उपवासामागे ते एक कारण होते, हे तिच्याकडून कळले. गुरुजी मला हे कधीच म्हणाले नसते. घरातल्या वृद्धाने ताट अर्धे ठेवले तर त्याला 'संयम' म्हणण्याआधी त्याचे दंड चाचपून पाहा. कपडे सैल होत असतील, सहा महिन्यांत वजन नकळत पाच टक्क्यांनी उतरले असेल, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलो, तर ती आनंदाची बातमी नव्हे, तपासणीचे कारण आहे.

या आषाढात गुरुजी आले. वजन ५७, घेर ९३, खुर्चीची पाच उठाबशी १३ सेकंदांत. तीन महिन्यांची सरासरी साखरही उतरली आहे आणि संध्याकाळची गोळी मी अर्धी केली. आतली चरबी व्यायामाला लवकर दाद देते, बाहेरची वळी मागे रेंगाळते. ९३ हा आकडा अजून ९० च्या वरच आहे आणि कदाचित तिथेच राहील. हे मी त्यांना लपवले नाही.

"राहू द्या," ते म्हणाले. "परवा नातवासंगं गिरडच्या टेकडीवर चढलो. तोच बसला मधात."

सदरा पोटावर अजून ताणलेलाच होता. खालचे बटण त्यांनी उघडे सोडले होते.