गाईचं कपाळ चोळू नका

२०२३ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या पशु कल्याण मंडळाने १४ तारखेला गाईला मिठी मारायचं आवाहन केलं आणि चार दिवसांत मागेही घेतलं. आपण सगळे पोट धरून हसलो. पण नागपूरहून भिवापूरकडे वीकेंडला वावर बघायला जाणारी आमची आयटी मंडळी वेगळं काय करतात? वासरू दिसलं की कपाळ चोळायचं, त्याने ढकललं की उलट ढकलायचं, वर फोटो! गुरं एकमेकांना जोखतात ती डोक्याला डोकं लावूनच, त्यामुळे वासराच्या लेखी ही कुस्ती असते. तीनेक वर्षांत ते ३०० किलोचं होतं, शिंगं येतात, खेळ मात्र तोच. मग चारा टाकणारी आजी भिंतीला दाबली जाते आणि गाय 'मारकी' ठरून काठी खाते, नाहीतर बाजार बघते. खरं तर मारकी माणसाला लांब ठेवते, ही अंगचटीला येते. असो.

खाजवायचंच तर गळ्याखालची पोळी खाजवा. ढेप हातातून नको, घमेल्यातून द्या. अंगावर आली तर डोकं ढकलू नका, बाजूला व्हा. ती मागे सरली की मगच घमेलं पुढे करा. आणि हे घरातल्या सगळ्यांनी पाळायचं. पुण्याहून आलेल्या भाच्याने गुपचूप कपाळ चोळलं, की महिन्याची मेहनत पाण्यात.