पोचा राहू द्या, गंज कापा

जुन्या गाडीचं काम घरी करायला घेतलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. "वेळ कुठून मिळतो रे तुला?" आणि "रंग कधी मारणार?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. बाकीचे शनिवारी मॉलमध्ये जो वेळ घालवतात, तोच. माझं भांडण आहे ते दुसऱ्या प्रश्नाशी. रंग हा या कामातला सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. पण आपली सगळ्यांची नजर नेमकी तिथेच जाते.

आधी थोडी माहिती देतो. मी नोकरीनिमित्त जर्मनीत, हानोव्हरला असतो. ऑफिसातल्या एका मित्राकडे १९७३ सालची फोक्सवॅगन बस आहे, आणि गेली दोन वर्षं आम्ही दोघं तिच्या पत्र्यावर काम करतोय. तीच ती, मागे इंजिन असलेली, हिप्पी लोकांच्या फोटोत हटकून दिसणारी. बेन पोन नावाच्या डच आयातदाराने १९४७ मध्ये वहीत तिचं एक कच्चं चित्र काढलं, १९५० मध्ये वोल्फ्सबुर्गला ती बनायला लागली आणि १९५६ पासून इथे हानोव्हरच्या कारखान्यात. मित्राची बस १९६७ साली आलेल्या दुसऱ्या पिढीतली, म्हणजे पुढे एकसंध मोठी काच असलेली. ब्राझीलमध्ये तर हे मॉडेल थेट २०१३ पर्यंत बनत होतं. असो. इतिहास पुरे, पत्र्याकडे वळू.

तर या बसचं वैशिष्ट्य असं, की ट्रकसारखी वेगळी चासी आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी असा प्रकार इथे नाही. खालचे लांब बीम, आडवे बीम, जमीन आणि बाजूचे पत्रे हे सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं आहे. म्हणजे बॉडी हाच सांगाडा. दाराखालची जी लांब पट्टी असते, जिला आपण गाडीचा उंबरठा म्हणू, ती या बसमध्ये तीन थरांची आहे: बाहेरचा, मधला आणि आतला. आपल्याला दिसतो फक्त बाहेरचा. पाणी, चिखल आणि हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर टाकतात ते मीठ या थरांच्या मध्ये जाऊन बसतं. पत्रा आतून खायला सुरुवात होते आणि बाहेर रंगाला पहिला फोड येईपर्यंत आत बराच कारभार उरकलेला असतो.

पोचा आणि गंज यांच्यात मूळ फरक आहे तो इथे. पोचा म्हणजे घडून गेलेली गोष्ट. कुणीतरी पार्किंगमध्ये ठोकलं, पत्रा आत गेला, विषय संपला. रंगाला तडा गेला नसेल तर पुढच्या वीस वर्षांतही तो पोचा तेवढाच राहील. गंज मात्र चालू असलेली गोष्ट आहे. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आहेत तोवर ती चालूच राहणार, आणि मीठ असेल तर जोरात. ॲल्युमिनियमवर जो थर बसतो तो खालच्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र आणि भुसभुशीत असतो, तो ओल धरून ठेवतो. वर तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो. फोड हा आजार नव्हे, आजाराची बातमी आहे.

आता आपण काय करतो? पोचा डोळ्यांना खुपतो म्हणून आधी पोचा काढतो. गंजावर पॉलिश पेपर मारतो, वर लांबी भरतो, घासून गुळगुळीत करतो आणि रंग. आपल्या पुण्या-मुंबईच्या गॅरेजांत लांबी हा शब्द ज्याने ऐकला नाही त्याने गाडी दुरुस्तच केली नसेल. लांबी वाईट नाही बरं का. चांगल्या, घट्ट, स्वच्छ पत्र्यावर दोन-तीन मिलिमीटरचा थर देऊन शेवटचा उंचसखलपणा घालवणं हे तिचं काम. पण ती ओल शोषते. गंजावर भरली की तीच ओल पत्र्याला चिकटवून ठेवते आणि खालचा उद्योग आणखी निवांत चालतो. आमच्या धंद्यात याला रिकामा कॅच ब्लॉक म्हणतात. एरर गिळून टाकायची, स्क्रीनवर सगळं हिरवं, आणि सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता फोन :)

या बसच्या एका चाकावरच्या कमानीवर साधा लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवला, तर अर्ध्या जागी तो चिकटेचना. खाली पत्राच नव्हता, नुसती लांबी होती. कुणीतरी कधीतरी मनापासून घासून केलेली, अगदी सुंदर कमान. काम करणाऱ्याला मी दोष देत नाही. गिऱ्हाईक पैसे देतं ते चमकेचे. गाडी विकायची असेल तर चमक दोन महिने टिकली तरी भागतं. रंगाखाली काय आहे याची किंमत मोजतो तो फक्त गाडी जवळ ठेवणारा माणूस.

म्हणूनच हे काम घरी करण्यात अर्थ आहे असं मला वाटतं. पैसे वाचतात म्हणून नव्हे. तासांचा हिशेब केला तर अजिबात वाचत नाहीत. अर्थ यासाठी, की घरी डेडलाईन नसते आणि कुणाला चमक दाखवायची नसते. आज फक्त खरवडायचं, उद्याचं उद्या, हे गॅरेजवाल्याला परवडत नाही, आपल्याला परवडतं. भोकाभोवतीचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचत टोचत जिथे तो खणखणीत लागतो तिथवर जायचं आणि तिथून कापायचं. भोक रुपयाएवढं दिसत असतं आणि कापून होईतो ताटलीएवढं होतं. छातीत धस्स होतं खरं, पण तेवढं कापलंच पाहिजे. मग नवा तुकडा बेतायचा, झिंकचा प्रायमर लावायचा आणि एकेक टाका मारत वेल्ड करायचं. एक इथे, पुढचा लांब तिथे, म्हणजे एका जागी उष्णता साठून पत्रा वेडावाकडा होत नाही. सपाट पत्रा एकदा तापून ताणला गेला की डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजायला लागतो. सगळं झाल्यावर इपॉक्सी प्रायमर आणि पोकळ जागांत आतून मेण. हे आतलं मेण कुणालाही कधीही दिसत नाही. माझ्या मते संपूर्ण बसवरचं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच.

पोच्यांचं म्हणाल तर मागे डॉली धरून पुढून हलक्या हाताने ठोकायचं, कडेकडून मध्याकडे यायचं. प्रत्येक घावागणिक पत्रा थोडा ताणला जातो, त्यामुळे जितके कमी घाव तितकं बरं. मित्राच्या बसच्या मागच्या दारावर एक पोचा आहे, तो आम्ही ठेवलाय. त्याचे वडील कुठल्याशा कॅम्पिंगच्या जागी झाडाला टेकले होते म्हणे. रंग शाबूत आहे, गंज नाही. राहू दे की!

आता दुसरी बाजू. "घरी सगळं जमतं" असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी नाही. ज्या बीमवर चाकं आणि ब्रेक लटकलेत, त्याचं वेल्डिंग आम्ही सरळ जाणकार वर्कशॉपला दिलं. इथे दर दोन वर्षांनी तपासणी होते आणि वजन पेलणारा भाग गंजून आरपार गेलेला सापडला की गाडी नापास. तो नियम मला जाचक वाटत नाही, कारण मागच्या सीटवर मित्राची दोन लहान मुलं बसतात. दुसरं म्हणजे हार्डनर घालून फवारायचा टू-के रंग. त्यात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना कायमचं बाधू शकतं आणि साध्या मास्कने अडत नाही. तो घरच्या गॅरेजात मारू नये. पेट्रोलची टाकी न काढता तिच्या आसपास वेल्डिंग करू नये, हे वेगळं सांगायला नकोच. स्वतः करण्याइतकंच, कुठे थांबायचं हे ठरवणंही इंजिनिअरचंच काम आहे.

भारतातल्या मित्रांना हे सगळं जर्मन चोचले वाटतील. पण आपल्याकडेही २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी-चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अट अशी, की ती मूळ रूपात हवी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. म्हणजे मूळ पत्रा जितका वाचवाल तितकं चांगलं. आजोबांची फियाट कोकणातल्या किंवा गोव्यातल्या घराच्या पडवीत खाऱ्या हवेत उभी असेल, तर तिला रंगाची नव्हे, खाली वाकून बघणाऱ्याची गरज आहे. टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर आणि एक लोहचुंबक, एवढ्यावर सुरुवात होते.

बाकी इथे रविवारी ग्राइंडर चालवायला बंदी आहे, शेजाऱ्यांची शांतता भंगते. त्यामुळे शनिवारी पत्रा आणि रविवारी हे असं लिखाण. बस अजून तीन रंगांत आहे: मूळचा हिरवा, प्रायमरचा करडा आणि एका बाजूला उघडा पत्रा. येणारे-जाणारे विचारतात, रंग कधी? आम्ही सांगतो, खालचं झालं की.