वावरातले तांबे नदीत जाते

शेतकरी बंधूंनो, समुद्रातल्या गवताशी वलगावच्या माणसाचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. काम आहे.

मालवणच्या उथळ किनाऱ्याला समुद्रगवत उगवते. हे शेवाळ नव्हे. त्याला मुळे, पाने, फुले असतात. जून २०२० मधील ‘निसर्ग’ किंवा मे २०२१ मधील ‘तौक्ते’सारखे वादळ आले, की लाटा तळाचा गाळ ढवळतात. त्यात दबलेले तांबे, जस्त, शिसे पुन्हा पाण्यात येते. वरून नद्यांचे पूर नवा गाळ आणतात. ते गवत हे धातू मुळांनी आणि पानांनी शोषून घेते. म्हणून गवत तपासले की पाण्याची तब्येत कळते.

आपल्याकडे समुद्र नाही, पण ढगफुटीसारखा पाऊस आहेच. संत्र्याच्या डिंक्यासाठी आपण बोर्डो मिश्रण वापरतो. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, एक किलो चुना. त्या एक किलो मोरचुदात सुमारे २५० ग्रॅम निव्वळ तांबे असते. ते कुजत नाही, उडून जात नाही. काळ्या मातीच्या बारीक कणांना चिकटून बसते. धो धो पाऊस आला, की माती जाते आणि तिच्याबरोबर तांबेही जाते. नाल्यातून पेढीत, पेढीतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत. वाटेत हतनूर, उकाई ही धरणे बराच गाळ अडवतात. म्हणजे तो तिथे साठतो. पाण्यात विरघळलेले तांबे थोडे असले तरी मासळीला घातक.

बरं, नुकसान दुहेरी आहे. औषधाचा पैसा गेला आणि वरची कसदार मातीही गेली.

तेव्हा एवढे करा. आभाळ भरून आले असता फवारू नका. पंप नाल्यावर किंवा विहिरीवर धुऊ नका. पेरणी उताराला आडवी करा, धुऱ्यावर गवत राखा. माती तपासताना तांबे, जस्तही तपासून घ्या. गरज नसताना टाकू नका. सरपंच मंडळींनी नाल्यावरचे बांध पावसाळ्याआधी दुरुस्त करून घ्यावेत.

२० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी वलगावजवळ याच पेढीकाठी देह ठेवला. हातात खराटा घेऊन त्यांनी गावे झाडली. ती नदी निदान आपल्या वावरातून तरी घाण होऊ नये.