वादविवाद पाठ करून येत नाही



आंतरशालेय वादविवाद स्पर्धांचा हंगाम आला की शाळाशाळांतून तेच घडते. ठरलेली दोन मुले निवडली जातात, शिक्षक भाषण लिहून देतात, मुले ते घोकतात, हातवारेही बसवले जातात. ढाल आली की फलकावर नावे लागतात. उरलेल्या वर्गाच्या वाट्याला फक्त टाळ्या. याला वादविवादाचे शिक्षण म्हणता येणार नाही. ते द्यायचे असेल तर आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाला, रोजच्या वर्गातच द्यायला हवे.

अशाच एका स्पर्धेला मी श्रोत्यांत होते. विषय होता शाळेत मोबाइल असावा की नसावा. विरोधी बाजूच्या मुलीने ‘माझे प्रतिस्पर्धी आत्ताच म्हणाले की मोबाइलमुळे ज्ञानाची कवाडे उघडतात’ असे ठसक्यात सांगून त्या मुद्द्याच्या चिंधड्या उडवल्या. प्रत्यक्षात आधीचा मुलगा तसे काही बोललाच नव्हता. आई-वडील दोघेही शेतावर असतात, शेवटची एसटी चुकली तर घरी निरोप कसा पोहोचवायचा, हा त्याचा प्रश्न होता. त्याला उत्तर कुणीच दिले नाही. बक्षीस मुलीला मिळाले. परीक्षकांच्या तक्त्यात उच्चार, हावभाव, आत्मविश्वास, वेळेचे भान असे रकाने होते. समोरच्याचे ऐकले का, यासाठी रकानाच नव्हता. मुलीने आपण शिकवले तेच केले.

वक्तृत्वाचे आपल्याला कौतुक आहे आणि ते असावेही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला आजही भरते. पण भाषण एकट्याने करता येते, वादाला दुसरा माणूस लागतो. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष नीट मांडायचा आणि मग त्याला उत्तर द्यायचे, अशी रीत होती. वर्गातही तीच हवी. प्रतिपक्षाचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा, ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ असे त्याने कबूल करायचे आणि त्यानंतरच खंडनाला सुरुवात. बाजू चिठ्ठी टाकून मिळावी, म्हणजे स्वतःला न पटणारी बाजूही मुलांना कधीतरी लढवावी लागेल. विषय मुलांच्या जगण्यातले असावेत. गावातल्या पाण्याच्या पाळ्या, गणपतीतला डीजे, नववीला शिकवणी हवी का, अशा विषयांवर त्यांच्याकडे सांगण्यासारखे भरपूर असते.

साठ मुलांच्या वर्गात हे कसे जमणार, असे शिक्षक विचारतील. सहा-सहांचे गट करावेत. दोघे एका बाजूने, दोघे दुसऱ्या बाजूने बोलतील आणि उरलेले दोघे कोणता मुद्दा अनुत्तरित राहिला ते टिपून ठेवतील. पंधरवड्यातून एक तास पुरतो. मुले उलट बोलायला लागतील, ही पालकांची भीती मी वर्षानुवर्षे ऐकली आहे. माझा अनुभव वेगळा आहे. ज्याला कारण देता येते, त्याला आवाज चढवावा लागत नाही.

गुणांचीही अडचण नाही. दहावीच्या भाषा विषयांचे अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण २०१९ च्या परीक्षेत नव्हते. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी हे गुण परत आले. ते परत आणताना निकालाची जेवढी काळजी वाहिली गेली, तेवढी बोलण्या-ऐकण्याची वाहिली गेली नाही. अनेक शाळांत हे गुण आजही सरसकट वाटले जातात. त्यांतले निदान पाच गुण वादविवादासाठी राखून ठेवावेत आणि ते प्रतिपक्षाचे ऐकून दिलेल्या उत्तरालाच मिळावेत.

ही मुले चार वर्षांत मतदार होतील, ग्रामसभेत आणि सोसायटीच्या बैठकीत बसतील. न पटणाऱ्या माणसाशी बोलायचे कसे, हे त्यांना तिथे कुणी शिकवणार नाही. राज्य मंडळाने आणि मुख्याध्यापकांनी येत्या शैक्षणिक वर्षापासूनच याची सुरुवात करावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त मराठी शिक्षिका, सातारा