जानेवारीतले हत्ती आणि टिलवे

महाराष्ट्रात जानेवारी म्हणजे तिळगूळ आणि शाळांची स्नेहसंमेलनं. मेलबर्नच्या नैऋत्येला तीसेक किलोमीटरवर असलेल्या वेरिबीत मात्र जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळ्याची सुट्टी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बंद झालेली शाळा थेट जानेवारीच्या शेवटी उघडते. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच मराठी घरांतल्या फ्रिजवर एक तक्ता चिकटतो. कोणत्या आठवड्यात कोणतं शिबिर, सोडायला कोण जाणार, आणायला कोण, डबा कोणाकडे. पोहणं, कोडिंग, क्रिकेट, चित्रकला, पुन्हा पोहणं.

या तक्त्यामागे साधं गणित आहे. ऑस्ट्रेलियात पूर्णवेळ नोकरदाराला कायद्याने वर्षाला चार आठवडे पगारी रजा मिळते. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मिळून अकरा-बारा आठवडे होतात. आई-बाबांनी आपापली रजा वेगवेगळी घेतली तरी आठच आठवडे भरतात, आणि त्यातली बरीचशी भारतवारीसाठी राखून ठेवलेली असते. उरलेले दिवस ‘व्हेकेशन केअर’चे, म्हणजे सुट्टीत मुलांना पैसे घेऊन सांभाळणाऱ्या शिबिरांचे. नागरिकांना आणि कायम रहिवाशांना त्यासाठी केंद्र सरकारचं अनुदान असतं. नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या बहुतेक कुटुंबांना ते मिळत नाही. नव्या देशात बस्तान बसवत असतानाच त्यांना दिवसाचे पूर्ण पैसे मोजावे लागतात. ‘मुलांना सुट्टीतही कुठे कुठे पाठवता, बिचारी थकतील’ असं पुण्याहून किंवा नागपूरहून फोनवर म्हणणाऱ्या आप्तांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा. शिबिरं इथल्या आईची हौस नाही, तिची गरज आहे.

ज्यांना शक्य असतं त्यांच्याकडे आजी-आजोबा येतात. नोव्हेंबरात उतरायचं, मार्चमध्ये परतायचं. त्यांच्या जिवावर अनेक घरांचा उन्हाळा पार पडतो, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. परक्या गावात, गाडी चालवता येत नसताना, चाळीस अंशांच्या दिवशी पडदे ओढून दोन मुलांना रिझवणं हे मोठं काम आहे. दुपार कलली की समुद्राकडून गार वारा येतो, तासाभरात पारा दहा-पंधरा अंशांनी उतरतो, आणि मग आजी नातवंडांना घेऊन नदीकाठी निघते. जाताना पायात बूट हवेत आणि नजर वाटेवर हवी, कारण उन्हाळ्यात टायगर स्नेक तिथेच ऊन खात पडलेला असतो. व्हिक्टोरिया राज्यात सापाला मारणं कायद्याने गुन्हा आहे. चार पावलं मागे सरायचं आणि त्याला जाऊ द्यायचं, हे इथलं मूल लवकर शिकतं.

या तक्त्यात हल्ली आणखी एक रकाना वाढला आहे: परीक्षेची शिकवणी. व्हिक्टोरियात प्रवेशपरीक्षा घेऊन विद्यार्थी निवडणाऱ्या चार सरकारी शाळा आहेत. त्यांतली सुझन कोरी हायस्कूल २०११ पासून वेरिबीतच आहे. आठवीच्या मधोमध परीक्षा, नववीला प्रवेश. साहजिकच सातवी संपल्यावरचा उन्हाळा सराव परीक्षांच्या गठ्ठ्यात जातो. काही घरांत ही तयारी पाचवीपासूनच सुरू होते. आई-वडिलांची ओढ समजण्यासारखी आहे. शिक्षणाच्या बळावरच तर ती माणसं इथवर आली. पण ज्या सुझन कोरी यांचं नाव त्या शाळेला दिलं आहे, त्या जीवशास्त्रज्ञ आहेत. रक्ताच्या कर्करोगात पेशी मरायचं का थांबतात याचा शोध घेणाऱ्या चमूत त्या होत्या. पुढे २०१० साली ऑस्ट्रेलियन विज्ञान अकादमीच्या निवडून आलेल्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. जिवंत गोष्टींकडे वर्षानुवर्षं टक लावून पाहिलेली ही बाई. तिच्या नावाच्या शाळेत जाण्यासाठी मुलांनी सबंध उन्हाळा चार भिंतींत घालवावा, ही उलटी रीत झाली.

वेरिबीत तर तसं करायला काहीच कारण नाही.

गावाच्या कडेला २२५ हेक्टरचं मोकळं प्राणिसंग्रहालय आहे. बसमधून फिरायचं, गेंडे, जिराफ, झेब्रे गवतात चरताना दिसतात. शनिवार-रविवार आणि शाळेच्या सुट्टीत सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेलबर्न शहरातल्या जुन्या प्राणिसंग्रहालयातून नऊ आशियाई हत्ती इथे आणले गेले, २१ हेक्टरच्या नव्या जागेत. त्यांना बळजबरीने गाडीत कोंबलं नाही. पेटाऱ्यात आपणहून जायची, आत शांत उभं राहायची सवय त्यांना आधीपासून लावली होती. कळपात तीन पिल्लंही आली. नोव्हेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, जन्मलेली. हत्तींच्या कळपात पिल्लू एकट्या आईचं नसतं. मावश्या त्याला सोंडेने सावरतात, चिखलात घसरलं तर बाहेर ढकलतात. हे पाहून एखादं मूल आजीला ‘आपल्याकडे पण असंच आहे का’ असं विचारतं, तेव्हा शिबिराच्या कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त काही तरी घडलेलं असतं.

हे हत्ती वेरिबीत आले त्याच वर्षी, २०२५ च्या जुलैत, कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने गुजरातेतल्या वनतारा या प्राणीकेंद्रात गेली. तीन दशकांहून अधिक काळ ती मठात होती. गावाने डोळ्यांत पाणी आणून तिला निरोप दिला, पुढे हजारो लोक तिला परत आणा म्हणत रस्त्यावर चालले. वेरिबीतल्या मराठी घरांतही हे व्हिडिओ पाहिले गेलेच असतील. गावाची माया खरी आणि हत्तिणीला सोबतीला दुसरी हत्तीण हवी हेही खरं. दोन्ही खरं असताना काय करायचं, हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलासमोर जरूर मांडावा. त्याला उत्तर सापडलं नाही तरी चालेल.

हत्तींपेक्षाही मुलांना जवळून दाखवावी अशी गोष्ट आहे पट्टेदार बँडिकूटची. सशाहून लहान, लांब नाकाडाचा, पिशवीत पिल्लं वाढवणारा हा प्राणी. मादी जेमतेम बारा-तेरा दिवसांत विते. एके काळी व्हिक्टोरियाच्या गवताळ माळावर तो भरपूर होता. माळ नांगरले गेले, आणि गोऱ्या जमीनदारांनी शिकारीच्या हौसेपायी कोल्हे आणून सोडले. कोल्हे आणणाऱ्यांत ज्यांचं नाव घेतलं जातं त्या चर्नसाइड घराण्याची साठ खोल्यांची हवेली या प्राणिसंग्रहालयाच्या शेजारीच उभी आहे; १८७७ साली ती बांधून पूर्ण झाली. बँडिकूट मुख्य भूमीवरच्या जंगलातून पुरता गेला. शेवटचे थोडे त्याआधीच पकडले होते. ते वाढवून, पुन्हा सोडून, तीस वर्षांच्या खटाटोपानंतर २०२१ मध्ये तो ‘जंगलातून नामशेष’ या यादीतून बाहेर आला. ऑस्ट्रेलियात हे पहिल्यांदाच घडलं. त्यासाठी वेरिबीत इटालियन मरेमा जातीचे कुत्रे शिकवून तयार केले. मेंढ्या राखणारा कुत्रा आता बँडिकूट राखतो आणि कोल्ह्याला जवळ येऊ देत नाही. माणसाने केलेली चूक, ती निस्तरायला लागलेली वर्षं आणि तिथे राबलेली माणसं, सगळं एका फेरीच्या अंतरावर आहे.

श्रमातून आणि प्राण्यांच्या सोबतीत शिकणं मराठी घरांना नवं नाही. बाबा आमटे यांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिथे तरुणांच्या हातात फावडं दिलं. हेमलकशाला प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांची मुलं बिबट्या-अस्वलांसोबत वाढली. वेरिबीतल्या मुलाला बिबट्या नको. त्याला गिनीपिग पुरे, कुत्रा मिळाला तर सोन्याहून पिवळं. मार्च २०२० पासून व्हिक्टोरियात भाडेकरूने प्राणी पाळायची परवानगी मागितली तर घरमालकाला विनाकारण नाही म्हणता येत नाही. तीन महिन्यांवरच्या कुत्र्या-मांजराची चिप बसवून कौन्सिलमध्ये नोंदणी करावी लागते. आणि भारतात जायचं असेल तर त्याला कुठे ठेवायचं, हे तिकिटाच्या आधी ठरवावं लागतं, कारण डिसेंबरात बोर्डिंगच्या जागा लवकर भरतात. ही कटकट मुलांवर सोपवावी. नोंदणीची तारीख त्यांनी लक्षात ठेवावी, पाण्याचं भांडं त्यांनी भरावं, विसरली तर त्यांनाच वाईट वाटावं. मोठं होणं इथून सुरू होतं.

आणि टिलवे, म्हणजे किनाऱ्यावरचे चिमुकले पक्षी. वेरिबीच्या दक्षिणेला १८९७ पासून चालू असलेला सांडपाणी प्रकल्प आहे. मेलबर्नचं जवळपास अर्धं सांडपाणी तिथे शुद्ध होतं. त्याच्या तळ्यांवर आणि खाजणांवर पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. आत जायला परवाना लागतो, पण नदीच्या मुखाशी आणि किनाऱ्यावर दुर्बीण घेऊन कोणीही उभं राहू शकतं. तिथे उन्हाळ्यात लाल मानेचा टिलवा चिखल टिपत धावताना दिसतो. वजन तीसेक ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे साखर. तो सायबेरियातून येतो. मोठे पक्षी तिथून आधी निघतात. त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं मागे राहतात आणि काही आठवड्यांनी निघून, कोणी वाट न दाखवता, इथे पोहोचतात. पहिल्या वर्षी ती परतही जात नाहीत, इथेच थांबून अंगाने भरतात.

शिबिरं रद्द करा असं कोणी म्हणू नये. कामावर जाणाऱ्या आईला ती हवीतच. पोहणं तर शिकवाच, इथे पाणी सगळीकडे आहे. पण पुढचा तक्ता लिहिताना जानेवारीतला एक आठवडा मोकळा सोडा, आणि आजी आली असेल तर तो तिच्या हाती द्या. सराव परीक्षेचा गठ्ठा तेवढे दिवस कपाटात राहू द्या. वेरिबी साउथच्या किनाऱ्यावर सकाळी ओहोटीच्या वेळी जा, सोबत दुर्बीण आणि पाणी घ्या. मोठे टिलवे मार्च-एप्रिलपर्यंत तिथे असतात.