छपराचें टोंक

वेबपृष्ठांवर आकृति काढण्याची एक लेखी रीत आहे. तिला स्केलेबल व्हेक्टर ग्राफिक्स, संक्षेपानें एसव्हीजी, असें म्हणतात. तिचें पहिलें प्रमाणित रूप सन २००१ मध्यें प्रसिद्ध झालें. हिच्यांत चित्र ठिपक्याठिपक्यांनीं सांठविलेलें नसून, कोणती आकृति कोठें व केवढी काढावी याची आज्ञा लिहिलेली असते. म्हणून चित्र कितीही मोठें केलें तरी त्याच्या कडा फुटत नाहींत. मूळ आकृति सहाच: रेक्ट म्हणजे आयत, सर्कल म्हणजे वर्तुळ, इलिप्स म्हणजे लंबवर्तुळ, लाइन म्हणजे रेषा, पॉलिलाइन म्हणजे मोडती रेषा आणि पॉलिगॉन म्हणजे बहुभुज.

परवां आमचा बारा वर्षांचा पुतण्या या रीतीनें घर काढीत बसला होता. २०० रुंद व २०० उंच अशा क्षेत्रांत त्यानें भिंतीचा आयत मांडला: स्थान ५०,१००, रुंदी १००, उंची ८०. छपराच्या त्रिकोणाचे कोपरे त्यानें ४०,१००. १६०,१०० आणि १००,४० असे लिहिले. आम्हीं शेजारून पाहून म्हटलें, "अरे, टोंक वर हवें ना? मग शेवटचा आंकडा शंभराहून लहान कसा? तेथें १६० कर."

मुलगा क्षणभर थांबला आणि मुकाट्यानें आंकडा बदलता झाला. छप्पर उलटें होऊन भिंतीवर लोंबूं लागलें!

तेव्हां तो हळूच म्हणाला, "काका, येथें मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून होते. खालीं जावें तसा दुसरा आंकडा वाढतो."

शाळेंतल्या आलेखाची आमची जुनी संवय येथें नडली. पण मनाला लागलें तें निराळेंच. मुलाला बरोबर काय तें ठाऊक होतें. आमच्या वडीलपणापुढें त्यानें जाणूनबुजून चूक लिहिली. "मग आधींच कां सांगितलें नाहींस?" या प्रश्नाला त्यानें उत्तर दिलें नाहीं. तें आम्हांलाच द्यावयाचें होतें.

आम्हीं घरांतील सर्वांदेखत चूक कबूल केली. मग धीट होऊन त्यानें छप्पर नीट केलें, १६०,४० येथें १५ त्रिज्येचा सूर्य काढला, आणि आम्हांला बजावलें कीं, भरावयाचा रंग न सांगितल्यास आकृति काळी निघते, व मागून लिहिलेली आकृति आधींच्या आकृतीवर बसते.

मुलें हें शिकत असतां वडील माणसांनीं जवळ अवश्य बसावें. फक्त आंकडा बदलावयास सांगण्यापूर्वीं "असें कां?" एवढें विचारावें.