काळजातली गाठ

आपल्या भागात कावीळ झाली की डॉक्टरच्या आधी माळ घालणारा आठवतो. गळ्यातली माळ जसजशी खाली उतरते तशी कावीळ उतरते, असा समज. दूषित पाण्यातून होणारी 'ए' कावीळ बहुधा आपोआपच बरी होते आणि श्रेय माळेला जाते. 'बी' मात्र काहींच्या यकृतात वर्षानुवर्षे गुपचूप मुक्काम करते. डोळे पांढरेशुभ्र, भूक उत्तम आणि आत यकृत कडक होत चाललेले. त्यातच कधीतरी कर्करोगाची गाठ धरते.

आमच्या मामांचे तेच झाले. दारूचा थेंब नाही, मग हे कसे, असे मामी येईल त्याला विचारत होत्या. 'बी' असल्याचे दहा वर्षांपूर्वी कळले होते. तेव्हापासून दर सहा महिन्यांची सोनोग्राफी मामांनी कुरकुरत का होईना, चुकवली नाही. म्हणून अडीच सेंटिमीटरची एकच गाठ असताना ती सापडली. यकृताच्या आत दुखणे जाणवत नाही. दुखेपर्यंत थांबणाऱ्याला उशीरच झालेला असतो.

"कॅन्सरच आहे, आता कशाला त्रास द्यायचा?" थोरला मामेभाऊ म्हणाला. असे म्हणणारे घरोघरी असतात. पुण्याच्या डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या. गाठीचा भाग कापून काढणे, सुई घालून गाठ जाळणे, किंवा यकृत बदलणे. कापायचे तर उरलेले यकृत धडधाकट हवे. बदलायचे तर इटलीतल्या मिलान शहरातले निकष आजही पाहतात: एकच गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी, प्रत्येकी तीन सेंटिमीटरच्या आत. १९९६ साली तिथल्या डॉक्टरांनी ४८ रुग्णांचा अहवाल दिला, त्यात चार वर्षांच्या हयातीचे प्रमाण ७५ टक्के भरले. त्याआधी या रोगात यकृत बदलण्याचे निकाल निराशाजनक होते.

मुलगी म्हणजे काळजाचा तुकडा, असे आपण म्हणतो. काळीज म्हणजे मुळात यकृतच! मामेबहिणीने तो तुकडा खरोखरच देऊ केला. दिलेला भाग काही महिन्यांत बराचसा भरून येतो, पण देणाऱ्याच्या जिवालाही थोडा धोका असतोच. "पोरीच्या पोटाला सुरी लावायची नाही," मामांनी निक्षून सांगितले. ती दोन दिवस जेवली नाही.

शेवटी गाठ जाळायचे ठरले. तीन सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला हा उपाय चांगला लागू पडतो. पुढच्या तपासणीत ती जागा स्वच्छ दिसली. तरी यकृत तेच, कडक झालेले. कापून किंवा जाळून झाल्यावरही पाच वर्षांत निम्म्याहून अधिक जणांना पुन्हा गाठ होते. म्हणून आता दर तीन महिन्यांनी पुणे. 'बी'ची गोळी रोज चालूच. मुलीचा प्रश्नही मिटलेला नाही, नुसता पुढे गेला आहे.

'बी' घरातल्या घरात पसरू शकते, म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांचे रक्त तपासायला सांगितले. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर ही तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. मामी आणि मुलगी निर्धोक निघाल्या, त्यांनी लस घेतली. थोरला अजून गेलेला नाही.